तुमच्या नावावर गेलेले माझे तीन फटके

अण्णा, तुम्हाला जाऊन आज पंधरावा दिवस. एवढ्या दिवसांत गावानं तुमच्याविषयी इतकं बिनधास्त खोटं बोलून घेतलं आहे की मला माझी नाटकं फिकी वाटायला लागली आहेत. बाजारातला किराणावाला परवा गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून, सदरा वर करून, सगळ्यांना पाठ दाखवत होता. "हे पाहा, येमुलवार मास्तरचा प्रसाद! म्हणून आज दुकान चालवून राह्यलो." पाठीवर घामोळ्याशिवाय काही नव्हतं. तुम्ही जन्मात कोणाच्या पाठीवर मारलं नाही, हातावरच मारलंत. पण हे सांगून त्याचा आनंद घालवण्याचं पाप मी केलं नाही. उलट जवळ गेलो, वाकून पाहिलं आणि म्हणालो, "अरे बाप रे!"

जिवंतपणी तुमची छडी तीन फुटांची होती. तेरवीपर्यंत ती चांगली सात फुटांची झाली. तुम्ही असता तर तेलुगूत काहीतरी पुटपुटून चष्मा पुसला असता.

हे सगळं मी मजेत ऐकत होतो, त्यातच अध्यक्षसाहेबांचा माणूस कागद घेऊन आला. आपल्या शाळा समितीचे अध्यक्ष धानगिरणीवर बसून जसं बोलतात तसंच लिहितात, मोठ्यानं. शाळेत तुमच्यासाठी शोकसभा ठेवायची, दुखवट्याचा ठराव करायचा आणि हेडमास्तर म्हणून तो मी वाचायचा, असं ठरलेलं होतं. ठराव त्यांनी स्वतः लिहिला होता. पहिली चार वाक्यं कोणाच्याही मरणाला चालतील अशी होती. पाचवं होतं, "त्यांच्या छडीने या भागातील एक पिढी घडवली." आणि सहावं, "एक दुर्दैवी प्रसंग वगळता त्यांची सेवा निष्कलंक होती."

तो एक प्रसंग तुमचा नव्हता, अण्णा. माझा होता. हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आता ते सांगू शकेल असा मी एकटाच उरलो होतो. तो कागद मी सगळ्या शाळेपुढे, तुमच्या हार घातलेल्या फोटोशेजारी उभा राहून वाचायचा होता.

चार दिवस तो माझ्या टेबलावर पडून होता. त्या चार दिवसांत मी तुमच्याशी जितका भांडलो तितका तुम्ही असतानाही भांडलो नसेन.

आपलं भांडण तुम्ही आलात त्या पहिल्याच आठवड्यात सुरू झालं. तुम्ही सिरोंच्याचे. मराठी छान बोलायचात, पण राग आला की आकडे तेलुगूत. आठवीच्या वर्गातून "ओकटी!" ऐकू आलं आणि पाठोपाठ असा कडाका झाला की मी नववीला इतिहास शिकवता शिकवता खडू मोडला. "रेंडू!" दुसरा कडाका. "मूडू!" तिसरा. आमच्या वर्गातली पोरं त्या दिवशी तेलुगू शिकली. मधल्या सुटीत मी तुमच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "अण्णा, गणित शिकवता की धान कांडता?"

तुम्ही डबा उघडत म्हणालात, "धान कांडल्याशिवाय तांदूळ निघतो काय जी?"

मी हरलो. पुढं वीस वर्षं तेच. माझ्याकडं भाषणं होती आणि तुमच्याकडं एकेक वाक्य.

तेव्हा तुम्ही खरंच मारायचात. हे मी लपवणार नाही, कारण स्मृतिलेख म्हणजे चुना लावलेली भिंत नव्हे. तुमचं म्हणणं सरळ होतं. या जंगलातून पोरगं पाच कोस चालत शाळेत येतं. त्याच्या घरात पुस्तक नाही, दिवा नाही, पाढे म्हणून घेणारं कोणी नाही. वर्षातले दोन महिने ते मोहफुलं वेचायला जातं. त्याला मॅट्रिकपर्यंत ओढायचं तर मास्तरजवळ वेळ कमी आहे, आणि छडीनं वेळ वाचतो. माझं म्हणणं होतं की त्यानं पोरगं पाढे शिकत नाही, छडी शिकतं. तुम्ही म्हणायचात, "मग तेही शिकू द्या. काहीतरी शिकून राह्यलं ना?"

मग एका हिवाळ्यात तुमच्या छडीनं एका पोराची नखं काळी पडली. तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत. पण आठवडाभरानं, दंडारीच्या, म्हणजे गावच्या नाटकांच्या दिवसांत, तुम्ही प्रथमच माझा खेळ पाहायला आलात. घोंगडी पांघरून मागं बसला होतात. आमचा सोंगाड्या राजाच्या हातून मार खात होता, बांबूचा आवाज चावडीपर्यंत जात होता आणि सोंगाड्या असा विव्हळत होता की पुढच्या बायका डोळे पुसत होत्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला हौदापाशी गाठलंत आणि इकडंतिकडं पाहून विचारलंत, "ओ नाटकवाले, तो तुमचा सोंगाड्या. त्याले लागते काय?"

"छे! चिरलेला बांबू असतो. आवाज करतो, लागत नाही."

"कसा चिरता?"

अण्णा, माझ्या आयुष्यात मला मिळालेला तो सर्वांत मोठा मानाचा क्षण. गणिताच्या येमुलवार मास्तरांना मी काहीतरी शिकवणार होतो! मी तुम्हाला रीतसर शिकवलं. हिरवा बांबू घ्यायचा नाही, वाळलेला घ्यायचा. मुठीच्या वर आधी सुतळी घट्ट गुंडाळायची आणि मगच टोकाकडून चीर द्यायची. आधी चिरलं तर चीर थेट मुठीत जाते आणि बांबू फुकट जातो. सुतळीपाशी चीर थांबते. मग दोन फाका एकमेकांवर आपटतात. मारायचं मात्र पूर्ण हातानं, नाहीतर आवाज निघत नाही. तुम्ही वहीत आकृती काढून घेतलीत. कोनसुद्धा लिहिलात.

त्या दिवसापासून जिल्ह्यातला सर्वांत कडक मास्तर कोणाला लागेल असं मारत नव्हता, आणि हे जिल्ह्याला ठाऊक नव्हतं. मार खाल्लेल्या पोराला मात्र पहिल्याच फटक्याला कळायचं. ते चकित होऊन तुमच्याकडं पाहायचं. तुम्ही भुवई उडवायचात आणि ते बोंब ठोकायचं. बाहेर येऊन कोणी काही सांगत नसे. ज्यानं मार खाल्ला त्यानं गुपित राखायचं, असा पोरांचा कायदाच झाला होता. तो कायदा कोणी केला हे मला कधीच कळलं नाही.

आपलं भांडण तिथं मिटायला हवं होतं. पण भांडणाला आपल्या दोघांशिवाय होतं कोण? मी म्हणायचो, "अण्णा, लागत नाही हे ज्याला कळलं त्याला कळलं. पलीकडं पाचवीच्या वर्गात बसलेल्या पोराला काय? ते तुमच्या आवाजानं चड्डी ओली करतं."

"भीती पायजे," तुम्ही म्हणायचात. "लागणं नाई पायजे."

"भीती म्हणजे लागणंच."

"तुमी नाटक लिहा जी. मले वर्ग आहे."

मग आले कोहळे सर. तरुण, नागपूरहून शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन. पहिल्याच दिवशी त्यांनी आपल्या दोघांनाही अडाणी ठरवलं. "बालमानसशास्त्र म्हणतं की शिक्षेनं वर्तन बदलत नाही, दबतं." मी खूष. मला नागपूरहून कुमक आली होती! दुसऱ्या महिन्यात कोहळ्यांनी दहावीतल्या एकाचा कान असा पिळला की पोरगा चवड्यांवर आला. तुम्ही दारातून पाहिलंत आणि मला अगदी गंभीरपणे विचारलंत, "हे मानसशास्त्र कोणत्या कानाचं आहे? डाव्या का उजव्या?" कोहळे आजही चांगले मास्तर आहेत आणि आजही मानसशास्त्र सांगतात. कान पिळणं त्यांनी सोडलं. आता ते पोराला इतकं बोलतात की पोरं म्हणतात, सर, त्यापेक्षा पिळा.

आता त्या दिवसाकडं येतो. इतका वेळ मी वळणं घेतोय हे तुमच्या लक्षात आलं असेल.

सहा वर्षं झाली. तुम्ही परीक्षेच्या कामाला चांद्याला गेला होतात. आठवीला तुमचा तास मी घ्यायचा होता. बाजाराचा दिवस, पोरं उधळलेली. मला गणित येत नाही हे पोरांना माहीत होतं. तेव्हा मला जे येतं ते मी केलं. मी तुमची नक्कल केली. शिक्षकांच्या खोलीत तुमच्या कोपऱ्यात छडी उभी होती, मुठीवर नवी सुतळी गुंडाळलेली. ती घेतली, चष्मा नाकावर ओढला, धोतराचा सोगा तुमच्यासारखा डाव्या हातात धरला आणि वर्गात शिरून गरजलो, "कोण बोलून राह्यला रे? चला, हात काढा!"

वर्ग असा हसला की छपरावरची कबुतरं उडाली. अण्णा, मी खरं सांगतो, मी सुखात होतो.

खेळाला मार खाणारा हवा होता. मी रैनू मडावीला बोलावलं. एटापल्लीकडच्या जंगलातला, वसतिगृहात राहणारा, त्याच्या गावातून हायस्कुलात आलेला पहिला पोरगा आणि माझ्या नाटकातला सर्वांत गुणी नट. विव्हळणं त्याला माझ्याहून चांगलं जमायचं. तो हसत आला. हात पुढं केला. मी म्हणालो, "ओकटी!" आणि पूर्ण हातानं मारलं.

आवाज बसका आला. मला वाटलं, माझा हात कमी पडला. रैनू ओरडला. इतका अस्सल ओरडला की मी म्हणालो, "वा!" वर्गानं टाळ्या वाजवल्या. "रेंडू!" आणखी जोरात. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, नट असावा तर असा, तालमीत कधी रडला नाही आणि आज पाहा. "मूडू!"

तिसऱ्यानंतर त्याची करंगळी बाजूला गेलेली दिसली.

ती छडी तुम्ही अजून चिरली नव्हती. नवी आणली होती, सुतळी बांधून ठेवली होती, आणि चीर रविवारी द्यायची होती. आधी सुतळी, मग चीर. मीच शिकवलं होतं. सुतळी पाहून मी धरून चाललो की चीर असणारच. दुसरा कोणी मास्तर असता तर पहिल्या किंकाळीला थांबला असता. मी नाटकवाला होतो. मला ती दाद देण्यासारखी वाटली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही परतलात आणि तिसऱ्या दिवशी रैनूचा बाप आला. एवढी वाट चालून आलेला माणूस, पण आत येऊन बसला नाही. हेडमास्तरांच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत जुने हेडमास्तर, अध्यक्षसाहेब, तुम्ही, आणि कपाटाला टेकून मी. रैनू दवाखान्यात होता, करंगळीला कामटी बांधलेली. बाप ओरडला नाही. त्यानं विचारलं, "माझ्या पोट्ट्यानं काय केलं होतं जी?"

जुन्या हेडमास्तरांनी टेबलावरचे कागद सारखे केले.

"आमच्यात लेकरावर हात नाई उचलत," तो म्हणाला. "बैल थांबला तरी आमी मारत नाई. पयले त्याचा पाय पायतो, काटा भरला काय म्हून. तुमी पाय पाह्यला होता काय?"

अध्यक्षसाहेबांनी घसा खाकरला. "कोणी मारलं हो मास्तर?"

अण्णा, तो माझा प्रवेश होता. मी जन्मभर पोरांना शिकवलं की आपलं वाक्य आलं की श्वासही न घेता पुढं व्हायचं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "माझी छडी आहे. मीच मारलं," आणि उंबरा ओलांडून त्या बापासमोर जाऊन उभे राहिलात. मी कपाटालाच टेकून राहिलो.

वर्गातल्या चाळीस पोरांनी खरं पाहिलं होतं. पण दुसऱ्या सकाळी तुम्ही त्यांच्यापुढं जाऊन सांगितलंत, "छडी ज्याची, मार त्याचा. विषय संपला. वही काढा." आणि पोरांचा तो कायदा होताच; रैनूनंही तो पाळला. गावात थोडी कुजबुज झाली असेलही. पण येमुलवार मास्तरनं मारलं हे ऐकायला सोपं होतं आणि मी मारलं हे ऐकायला अवघड. गाव सोपं ते ऐकतं.

बाप येऊन गेला त्या संध्याकाळी मी तुमच्या अंगणात आलो होतो. तुम्ही बाजेवर बसून वहीत गुण भरत होतात. मी म्हणालो, "अण्णा, हे काय केलंत?"

"माझ्या नावावर हजार छड्या आहेत. तीन वाढल्या तर काय होते? तुमच्या नावावर पयलीच आहे."

"पण खोटं..."

"ऐका," तुम्ही वही मिटलीत. "शाळेत एक मास्तर आहे, जो मारत नाई. एकच. उद्या तो मारते म्हटलं का कोहळे काय म्हणन? बाकीचे काय म्हणन? पाहा, त्याईलेही जमलं नाई. मग छडीच राहते जी. तुमी बोलत राहा."

म्हणजे छडी हवी असं आयुष्यभर म्हणणारा माणूस, छडी नको हे बोलणारा कोणीतरी शिल्लक राहावा म्हणून माझा गुन्हा घेऊन बसला. मी तुम्हाला म्हणालो की हा तर्क तुमच्या गणिताइतकाच वाकडा आहे. तुम्ही म्हणालात, "पण उत्तर बरोबर आहे."

रैनू घरी गेला आणि परत येईना. तुम्ही तीन रविवार त्याच्या गावी गेलात. शनिवारी दुपारी निघायचात आणि सोमवारी पहिल्या तासाला चिखलाचे पाय घेऊन उभे असायचात. तिथं काय बोललात ते तुम्ही कधी सांगितलं नाही. चौथ्या सोमवारी रैनू तुमच्यामागून आला आणि बाकावर बसला. माझ्या नाटकात तो पुन्हा आला नाही. मी त्याला बोलावलंही नाही. मला वाटलं, घडलं काय ते तुम्ही त्याला सांगितलंच असेल. छडी भरीव होती, सरांना कळलं नाही, चूक झाली. तुम्ही तिथं काही बोलल्याशिवाय तो परत कसा येईल? म्हणून मी गप्प बसलो. मास्तरनं पोराची माफी मागायची म्हणजे काय करायचं, हे मला येतही नव्हतं. तेवढं पात्र मी कधी केलं नव्हतं.

पुढं राज्य बदललं, इन्स्पेक्टर बदलले, आणि वरून एक कागद आला की शिक्षकांनी शारीरिक शिक्षेविषयी आपलं मत कळवावं. जुन्या हेडमास्तरांनी सभा घेतली. ड्रिल मास्तर म्हणाले, "मत काय? मले दोन हात आहेत, दोनी मारू शकतात." कोहळ्यांनी पुस्तक काढलं. तुम्ही म्हणालात, "छडी असावी. कपाटात." आणि मी उभा राहिलो. अण्णा, मी पाऊण तास बोललो. आवाज चढवला, उतरवला, बालकाच्या कोमल तळहातावर तर मी अशी काही वाक्यं टाकली की ड्रिल मास्तरांनी नाक पुसलं. मला त्या पाऊण तासात रैनूची करंगळी एकदाही आठवली नाही. बसताना तुमच्याकडं नजर गेली तेव्हा आठवली. तुम्ही टाळ्या वाजवत होतात. मनापासून. बाहेर पडताना म्हणालात, "छान झालं. पण थोडं लांबलं." हेडमास्तरांनी वर लिहून पाठवलं की या विषयावर शाळेचे मत एकमुखी आहे. कोणत्या बाजूचं, ते लिहिलं नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा खुर्ची तुमची होती. तुम्ही थोरले, तुमची सेवा जास्त, चांगला निकाल तुमच्या विषयाचा. अध्यक्षसाहेब म्हणाले, "येमुलवार मास्तर हुशार आहेत, पण तो प्रसंग झाला ना." आणि खुर्ची मला दिली, कारण मी कधी हात उचलला नव्हता. तुम्ही पहिला पेढा मागून घेतलात. वहिनींनी घेतला नाही. म्हणाल्या, "माझा उपास आहे." मंगळवार होता. वहिनी मंगळवारी कधी उपास करत नाहीत. वहिनींना तुम्ही सांगितलं होतंत, एवढं मला तेव्हाच कळलं.

काल शोकसभा झाली. पटांगणात सगळी शाळा बसली होती, पुढं गावची मंडळी, बाजूला वहिनी. माजी विद्यार्थीही आले होते. मी कागद हातात घेतला. पहिली चार वाक्यं वाचली. पाचव्याला थांबलो आणि म्हणालो, "हे खोटं आहे. अण्णांची छडी चिरलेली होती. ज्यांनी खाल्ली आहे त्यांनी हात वर करावेत."

पुढच्यांनी माना वळवून मागं पाहिलं. मग मागच्या रांगेत एक हात वर झाला, मग दहा, मग इतके की मोजायला तुम्हीच हवे होतात. किराणावाल्यानं सगळ्यांत शेवटी, अगदी नाइलाजानं वर केला. लोक हसले. मला तिथं थांबायचा मोह झाला, अण्णा. सभा माझ्या मुठीत होती. त्या हशावर पडदा टाकला असता तर गावानं वर्षभर नाव काढलं असतं.

मी सहावं वाक्य वाचलं. मग म्हणालो, "तो प्रसंग यांचा नव्हता. रैनू मडावीला मी मारलं, छडी चिरलेली नाही हे न पाहता. यांनी ते स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. त्यावर मला ही खुर्ची मिळाली." हे मी कोणत्याही आवाजात म्हणालो नाही. साधं म्हणालो. ते तालीम न करता करावं लागतं.

अध्यक्षसाहेब उठले, "ही काय शोकसभा आहे काय!" म्हणाले, आणि गेले. गुरुवारी समितीची बैठक आहे. खुर्चीचं काय व्हायचं ते तिथं होईल. कोहळे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आयुष्यात प्रथमच त्यांना पुस्तकातलं काही आठवलं नाही. वहिनी जाताना माझ्यासमोर थांबल्या. "भाऊ, सोमवारपासून त्यांचे तास कोण घेते?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, सध्या मीच. त्या म्हणाल्या, "पोरांचं कठीण आहे," आणि गेल्या. मला वाटतं, उपास सुटला.

पटांगण रिकामं झालं तेव्हा व्हरांड्याच्या खांबाजवळ रैनू उभा होता. तो आला आहे हे मला माहीत नव्हतं. आता तो एटापल्लीकडच्या एका गावात प्राथमिक शाळेचा गुरुजी आहे, पांढरी टोपी घालतो. करंगळी जराशी बाहेरच राहिली आहे. त्यानं वाकून नमस्कार केला. मी मागं सरलो.

"सर," तो म्हणाला, "मंग माझं काई चुकलं नवतं?"

मला प्रश्न कळला नाही.

"आदल्या दिवशी मी तालमीले आलो नवतो. शेजारच्या गावात कुस्त्या पाह्यले गेलो होतो. मले वाटलं, तुमाले समजलं, म्हून खरी छडी आणली. मी ओरडलो तर तुमी 'वा' म्हटलं. मले वाटलं, लय रागात आहे सर."

सहा वर्षं, अण्णा. मला वाटत होतं तुम्ही सांगितलं असेल. तुम्हाला बहुतेक वाटलं असेल, हे मी सांगायचं.

"नाही रे बाबा," मी म्हणालो. "काहीच चुकलं नव्हतं. कुस्त्यांचं मला आज कळतंय." तो माझ्याकडं पाहतच राहिला, तेव्हा मी त्याच्या बोलीत पुन्हा म्हणालो, "काईच नाई रैनू. चूक माझी होती."

तो पायरीवर बसला. मीही बसलो. मी विचारलं, "तू शाळेत पोरांना मारतोस?"

"हो सर. थोडं." तो संकोचला नाही. "पण मारायच्या पयले सांगतो, तुझं काय चुकलं ते. सांगितल्याशिवाय नाई मारत. मले कोणी सांगितलं नवतं ना."

त्याच्या बापानं उंबऱ्यावर काय सांगितलं होतं ते मला आठवलं. त्या मुलखात लेकरावर हात उचलत नव्हते. आता उचलतात, आधी कारण सांगून. हे तिथं कोणी नेलं ते तुम्हाला सांगायला नको. मी त्याच्याशी वाद घातला नाही. छडी नको यावर माझ्याकडं पाऊण तासाचं भाषण तयार आहे, पण ते माझ्या तोंडून ऐकण्याची पाळी त्याच्यावर आणायची नव्हती.

मग त्यानं विचारलं, "अण्णा सरले माहीत होतं? का छडी चिरली नवती, अन् तुमाले ते समजलं नवतं?"

"होतं."

"तीन रविवार ते माझ्या घरी आले," रैनू हिशोब जुळवत असल्यासारखा हळूहळू बोलत होता. "जेवले. बापासंगं बोलले. मले गणितं शिकवली. शाळेत चल म्हणाले, आता कोणी नाई मारत म्हणाले." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तेबी नाई बोलले."

तुम्हाला वाचवायला मी तोंड उघडलं, अण्णा. सांगणार होतो की तेही माझ्यामुळेच, मला सांभाळायला ते गप्प राहिले, त्यांचा यात काही दोष नाही. पण ते खोटं झालं असतं, आणि खोटं बोलून दुसऱ्याचा दोष अंगावर घ्यायला तुमचा हात लागतो, माझा नाही.

म्हणून मी म्हणालो, "हो. तेही नाही बोलले."